चंद्राच्या मागच्या बाजूचं विवर

पान खाणाऱ्या माणसाच्या शेजारी मला आजही बसवत नाही. त्याला कारण, नववीत असताना मी केलेला चंद्र.

आमच्या विज्ञानाच्या सरांनी वर्गात सांगितलं होतं की, चंद्राची एक बाजू पृथ्वीवरून कधीच दिसत नाही आणि त्या बाजूच्या एका विवराला आपल्या एका शास्त्रज्ञाचं नाव दिलंय. सांगताना सरांचा आवाज जड झाला होता. मी पार भारावून गेले. जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मडक्यावर कागदाचा लगदा थापून मी अख्खा गोल चंद्र केला. ओल्या लगद्यात सुपाऱ्या दाबून विवरं उठवली. शास्त्रज्ञाचं विवर मात्र करवंटी दाबून, सगळ्यांत मोठं. प्रमाण चुकलं तर चुकू दे म्हटलं. खाली नावाची चिठ्ठी चिकटवली.

राजापूरहून सर आणि मी एस्टीत चंद्र मांडीवर घेऊन रत्नागिरीला आलो. सरांनी तो कोपऱ्यात भिंतीला लावून ठेवला. मागे कोण बघतंय, म्हणाले. मला तर मागचंच दाखवायचं होतं. परीक्षक जेवायला गेले ते येईचनात. सरांना चंद्राजवळ उभं करून मी पाणी पिऊन आले.

शेवटी परीक्षक आले आणि मी हट्टाने चंद्र फिरवला. करवंटीच्या विवरात पानाची पिंक साचली होती. सुपारीचे चावलेले तुकडे तिच्यात तरंगत होते आणि एक ओघळ नावाच्या चिठ्ठीवर आला होता.

"हे लाल काय?" परीक्षकांनी विचारलं.

"लाव्हा, साहेब. मुद्दाम दाखवलाय," सर म्हणाले. त्यांचे दात लालभडक होते.

परीक्षक खूश. इतका हुबेहूब लाव्हा त्यांनी म्हणे पाहिला नव्हता. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "कल्पना तुझीच ना?"

ही विवरं लाव्हाने नाही, उल्का आदळून झाली, हे मला पाठ होतं. चिठ्ठीवरचं नावही पाठ होतं. पण बक्षिसाचा कप समोरच्या टेबलावर होता.

"हो," मी म्हणाले.

पहिला नंबर आला. सरांनी पाठ थोपटली आणि मी वाकून त्यांना नमस्कारसुद्धा केला. वडिलांनी प्रमाणपत्र फ्रेम करून ओटीवर लावलं. येणारा-जाणारा ते वाचायचा आणि मी उठून आत जायचे. सरांची किळस येतेच. पण ते नुसते थुंकले होते. ती थुंकी माझी आहे, असं सांगणारी मी होते.