व्हर्नाची निळी कार्डं

समजा, तुम्हाला चाळीस माणसं जमवायची आहेत. ऑक्टोबर संपत आलाय, घरोघरी टीव्हीवर हॉकी चालू आहे, आणि तुम्ही लोकांना सांगताय की ते सोडा, चर्चच्या तळघरात या आणि तिथून थंडीत दारं ठोठावायला चला. कशी आणाल माणसं? व्हर्ना कांगसला विचारलंत तर ती सांगेल, कॉफी अर्धा तास आधी चढवा म्हणजे वास जिन्यापर्यंत येतो. खुर्च्या मुद्दाम दहा कमी मांडा. उशिरा आलेला माणूस स्वतः भिंतीकडची खुर्ची उचलून उघडतो, आणि ज्यानं आपली खुर्ची आपण उघडली तो शेवटपर्यंत बसतो. आणि प्रत्येकाच्या हाताला काम द्या. नुसता बसून गेलेला माणूस दुसऱ्यांदा येत नाही.

हे ती कुठल्या शिबिरात शिकली नव्हती. उत्तर मिनेसोटातल्या त्या खाणीच्या गावात तिनं एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली होती. गावातलं चाळिशीच्या आतलं जवळजवळ प्रत्येक माणूस कधी ना कधी ट्रे घेऊन तिच्यासमोर उभं राहिलेलं.

रस पेट्रिचही त्यातलाच. टायरचं दुकान आणि शाळेच्या हॉकी संघाचं प्रशिक्षण सांभाळता सांभाळता त्यानं राज्याच्या विधानसभेला उभं राहायचं ठरवलं, आणि मे महिन्यात तो व्हर्नाच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. "मिसेस के, तुमच्याशिवाय हे होणार नाही," म्हणाला. व्हर्नानं त्याला आधी झटकलं. राजकारण म्हणजे टीव्हीवर भांडणारी माणसं, एवढंच तिचं मत. पण रस जाहिरातीसारखं बोलला नाही. व्यसनातून सुटू पाहणाऱ्याला इथून नव्वद मैल गाडी हाणावी लागते, हे बदलायचंय, म्हणाला. मग डॅनीचं नाव काढलं.

डॅनी टॉमसिच हा त्याचा वर्गमित्र. गुरुवारी शाळेत बटाट्याचे कुरकुरीत गोळे असत. डॅनी एकदा घेऊन जायचा आणि रसची हिरवी कानटोपी चढवून पुन्हा रांगेत शिरायचा.

"तुम्हाला कळायचं का हो?" रसनं विचारलं.

"पहिल्याच गुरुवारी कळलं."

"मग वाढायचात कशाला?"

"टोपी चांगली दिसायची त्याला," व्हर्ना म्हणाली. दोघं हसले. त्या दुपारी ती हो म्हणाली.

पहिला फोन तिनं आर्लिसला केला. आर्लिस टॉमसिच म्हणजे डॅनीची आई, आणि मागच्या गल्लीतली व्हर्नाची चाळीस वर्षांची मैत्रीण. खाणीत खांदा मोडल्यावर डॅनीला दुखण्याच्या गोळ्या मिळाल्या होत्या. खांदा बरा झाला, गोळ्या सुटल्या नाहीत. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये तो गेला. गावाला सांगितलं, हृदय बंद पडलं. खरं काय ते आर्लिसनं फक्त व्हर्नाला सांगितलं होतं; रसला जुना वर्गमित्र म्हणून अंदाज होता, तेवढाच. प्रचाराला येईन, आर्लिस म्हणाली, पण कुणी माझ्या मुलाबद्दल विचारलं तर मी कोट घालून निघून जाईन. कुणी विचारणार नाही, असा शब्द व्हर्नानं दिला.

शब्द पाळायचा तर लक्षात ठेवायला हवं. व्हर्नाकडे पाककृती लिहायच्या कोऱ्या निळ्या कार्डांचा गठ्ठा होता. येणाऱ्या प्रत्येकाचं एक कार्ड: नाव, फोन आणि खाली एखादी ओळ. 'हेल्मर: गुडघे. दारं नकोत, फोन द्या.' 'दोघी सॅल्मेला बहिणी बोलत नाहीत, टेबलं वेगळी.' 'आर्लिस: डॅनीचा विषय नको. गोळ्या.' ही ओळ प्रचारासाठी नव्हतीच. स्वतः व्हर्ना आजारी पडली आणि कॉफी ओतायला दुसरं कुणी उभं राहिलं, तर त्याच्या तोंडून चुकूनही काही निघू नये, एवढ्यासाठी तिनं ती लिहिली.

उन्हाळाभर तळघर भरत राहिलं. जूनमध्ये नऊजण होते, ऑगस्टमध्ये बेचाळीस. आर्लिस कोपऱ्यातल्या टेबलावर पाकिटांना तिकिटं चिकटवायची. तिचं तिकीट नेहमी किंचित डावीकडे कललेलं असे, आणि हेल्मर त्यावरून तिला चिडवायचा की आर्लिस, तुझी टपालं सगळी वाऱ्यात सापडलेली दिसतात. डॅनीनंतर आर्लिसला हसताना व्हर्नानं तिथंच पहिल्यांदा पाहिलं.

ऑगस्टच्या शेवटी मोठ्या शहरातून मार्गो डिलेनी आली. असे प्रचार चालवणं हाच तिचा धंदा. कामाला वाघ, बोलायला गोड. कार्डांचा डबा बघून ती म्हणाली, हे तर सोनं आहे, आणि दोन दिवसांत सगळं संगणकात चढवलं. नाव एका रकान्यात, फोन दुसऱ्यात, खालची ओळ शेवटच्या रकान्यात. त्या रकान्याचं नाव 'नोंद'. व्हर्नाला बरंच वाटलं; आता आपण नसलो तरी कुणी आर्लिसला दुखावणार नाही. जाता जाता मार्गोनं तिची एका कोऱ्या कागदावर निळ्या शाईत सही घेतली. आभाराच्या पत्रांवर छापायला, म्हणाली.

ऑक्टोबरात आर्लिसला सर्दी झाली. व्हर्नानं जंगली तांदूळ आणि कोंबडीची हॉटडिश, म्हणजे एकाच भांड्यातलं ओव्हनचं जेवण, भाजून काचेच्या भांड्यासकट तिच्या दारात नेऊन ठेवली. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी आणि पट्टीवर 'कांगस', जशी गावातल्या प्रत्येक भांड्याला असते. असं भांडं त्या गावात कधी रिकामं परत जात नाही. काहीच नसलं तर चार बिस्किटं, बागेतलं शेवटचं भोपळ्याचं पिल्लू, काहीतरी.

मतदानाच्या दहा दिवस आधी, शनिवारी सकाळी, भांडं व्हर्नाच्या पायरीवर आलं. घासून लख्ख केलेलं. आत खायचं काही नव्हतं, फक्त घडी घातलेलं एक पत्र आणि त्याचं पाकीट. पाकिटावरचं तिकीट किंचित डावीकडे कललेलं होतं.

'प्रिय आर्लिस,' पत्रात होतं, 'गोळ्यांनी डॅनीला तुझ्यापासून कसं नेलं ते मी जवळून पाहिलं. गुरुवारी टोपी बदलून पुन्हा रांगेत उभा राहणारा तो मुलगा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. दुसऱ्या कुठल्या आईवर ही वेळ येऊ नये म्हणून रसला मत दे.' खाली, निळ्या शाईत, 'तुझी शेजारीण, व्हर्ना कांगस.'

ती घरातल्या चपलांवरच मागच्या गल्लीत गेली. आर्लिस दाराशी आली, पण बाहेरचं काचेचं दार तिनं उघडलं नाही.

"मी नाही लिहिलं हे," व्हर्ना म्हणाली.

"सही कुणाची आहे?"

"सही माझी आहे. पत्र माझं नाही."

"गोळ्यांचं मी एकट्या तुला सांगितलं होतं. आणि शाळेत तो रांगेत दोनदा उभा राहायचा, हे मला, त्याच्या आईला, आज कळतंय. वाढायला तिथं कोण होतं, व्हर्ना?" आतलं लाकडी दार तिनं हळूच लावलं. आपटलं असतं तर व्हर्नाला सोपं गेलं असतं.

परत येताना गल्लीच्या मधोमध व्हर्ना थांबली. गोळ्या तिच्या कार्डावर होत्या. ती चूक तिची. तिनं लिहिलं आणि हौसेनं डबा दिला. पण टोपी? टोपीबद्दल तिनं कुठल्याही कार्डावर एक अक्षर लिहिलं नव्हतं. संगणकाला ते माहीत असणं शक्य नव्हतं, मार्गोलाही नाही. ती गोष्ट तिघांना ठाऊक होती. त्यातला एक पुरलेला होता, एक ही इथं गल्लीत उभी होती, आणि तिसऱ्याची ती टोपी होती.

तशीच गाडी काढून ती प्रचाराच्या कचेरीत गेली. मार्गोनं काही लपवलं नाही. लपवण्यासारखं काही आहे हेच तिला वाटत नव्हतं. नोंदीच्या रकान्यात ज्यांच्या घरी व्यसनाचा प्रश्न दिसला अशी एकोणीस घरं निवडली, म्हणाली. तिथं शेजाऱ्याच्या नावानं गेलेलं पत्र सगळ्यात चांगलं चालतं.

"ती तर आपलीच होती," व्हर्ना म्हणाली. "पाकिटं भरत होती ती. तिचं मत कुठं पळून चाललं होतं?"

मार्गोनं संगणकाच्या पडद्याकडे बघितलं. कोण आपलं ते आमच्या दुसऱ्या यादीत असतं, म्हणाली. टोपीची ओळ कुणी घातली, या प्रश्नावर ती जरा अडखळली. पत्रं जाण्याआधी गावच्या माहितगारानं नजर फिरवली होती, एवढंच म्हणाली आणि फोन घ्यायला उठली.

मतदानाआधीच्या रविवारी दुपारी तळघरात शेवटची सभा होती. जाऊ नये असं व्हर्नाला शंभरदा वाटलं. पण हेल्मर तिच्या शब्दावर आला होता, सॅल्मेला बहिणी दोन टोकांना बसल्या होत्या, साठ माणसं तिच्यामुळे तिथं होती. तिनं अर्धा तास आधी कॉफी चढवली. कोपऱ्यातलं टेबल रिकामं होतं आणि त्याबद्दल तिला तिघांनी विचारलं. सर्दी, ती म्हणाली.

रस छान बोलला. नव्वद मैलांबद्दल बोलला. टाळ्या पडल्या. नंतर कोट टांगायच्या खुंट्यांपाशी तिनं त्याला गाठलं आणि पत्र पुढं केलं. त्यानं ते हातात घेतलं नाही, उघडून वाचलंही नाही.

"मिसेस के, त्या पत्रांवरून किती जणांचे हात फिरलेत."

"टोपी तुझी होती, रस."

तो कोटाची चेन लावू लागला. ती दोनदा अडकली. "मंगळवार होऊन जाऊ दे," तो खाली बघतच म्हणाला. "मग मी स्वतः आर्लिसकडे जातो. सगळं सांगतो. तुमचं नाव मोकळं करतो."

व्हर्नाच्या पाठीमागे साठ माणसं होती. वळून चार वाक्यं बोलली असती तर निम्मी खुर्च्या मिटवून घरी गेली असती. आणि मग सगळ्यांसमोर गोळ्यांचा विषय निघाला असता. ती कॉफीच्या भांड्याकडे परत गेली.

मंगळवारी तिनं कुणाला मत दिलं ते तिनं कुणाला सांगितलेलं नाही. रस दोनशे एकतीस मतांनी आला. आर्लिसकडे तो गेला नाही. ना त्या आठवड्यात, ना थँक्सगिव्हिंगला, ना नाताळात. व्हर्नाला मात्र त्याचं आभाराचं पत्र आलं, तुमच्याशिवाय हे झालं नसतं. खाली निळ्या शाईत सही. तिनं बोट ओलं करून सहीवरून फिरवलं. शाई फुटली नाही. छापलेली होती.

जानेवारीत तिनं काचेच्या भांड्यात लिंबाच्या वड्या भरल्या आणि आर्लिसच्या दारात ठेवून आली. दुसऱ्या दिवशी भांडं तिच्या पायरीवर होतं, वड्या मोजून तितक्याच, वर बर्फाचा पातळ थर.

दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आमदार पेट्रिच गावच्या वाचनालयात लोकांना भेटतो. बहुतेकजण रस्त्यांबद्दल विचारायला येतात. फेब्रुवारीत व्हर्नाही गेली. मांडलेल्या खुर्च्या संपल्या होत्या, म्हणून भिंतीकडची एक उचलून तिनं स्वतः उघडली आणि कोट अंगात ठेवूनच बसली. माफी तिला नको होती, आणि कुणी लिहिलं हेही आता विचारायचं उरलं नव्हतं. तिच्यापुढे सातजण होते. तिचा नंबर आला की ती एकच गोष्ट विचारणार होती: रस, टोपीच्या त्या ओळीवर पेन टेकवलंस तेव्हा तुला डॅनी दिसला होता, की नुसतं एक मत?