प्रज्ञा बागूलची पुढची वर्षं

सुरतजवळ पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये, कापड रंगवण्याच्या कारखान्यात, प्रज्ञा बागूल शेड मॅचिंगला होती. गिऱ्हाइकाने पाठवलेल्या नमुन्याशी रंगवलेलं कापड जुळतं का, हे बघायचं तिचं काम. एका मार्च महिन्यात तिचा डावा डोळा दुखायला लागला. डोळा फिरवला की आत कळ यायची. मग लाल रंग फिका, पाण्यात धुतल्यासारखा दिसू लागला. तिने एक लॉट परत पाठवला तेव्हा रंगखात्याचा मास्टर म्हणाला, कापड बरोबर आहे. तिने एकेक डोळा झाकून पाहिलं आणि तिलाही ते पटलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला मेंदूच्या डॉक्टरांकडे, अपर्णा मॅडमकडे पाठवलं. एमआरआय झाला, सलाइनमधून औषध दिलं, काही आठवड्यांत नजर बरीचशी परत आली. रिपोर्ट घ्यायला मात्र तिचा नवरा लोकेश एकटाच गेला. आजाराचं नाव तिला सांगू नका, ती खचेल, असं त्याने मॅडमना विनवलं. मॅडम म्हणाल्या, पुढच्या भेटीत मी सांगणारच आहे, त्याआधी तुम्ही सांगितलं तर बरं. घरी येऊन तो एवढंच बोलला, की नसेला सूज आहे.

लोकेश इच्छापोरला कंत्राटावर फिटर होता. सुटीच्या वेळात तो मोबाइलवर या आजाराबद्दल बघायचा, आणि प्रत्येक वेळी समोर व्हीलचेअरमधलीच माणसं यायची. त्याने प्रज्ञाला मिल सोडायला सांगितलं. तिला शिडी चढायला नको म्हणून माळ्यावरचं अंथरूण खाली आणलं. दुसऱ्या मुलाचा विषय दोघांत चालू होता, तो बंद केला. लिंबायतच्या त्यांच्या दोन खोल्यांत काही लपून राहत नाही. सासू चंद्रभागाबाईंनी एकदा सुनेबद्दल त्याला हळूच विचारलं, "पोरले काय व्हयनं, माले तरी सांग." तो चपला घालून बाहेर निघून गेला. प्रज्ञाने मोरीतून हे ऐकलं. कॅन्सरच असणार, असं तिने धरलं. त्या आठवड्यात तिने सहा वर्षांच्या मुलीला स्वतःची वेणी घालायला शिकवलं.

भेटीच्या तारखेची वाट न बघता एक दिवस ती रिक्षा करून एकटीच दवाखान्यात गेली.

"मॅडम, मला कॅन्सर आहे का?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांनी खुर्ची तिच्या बाजूला ओढली. "आजच सगळं ऐकायचंय, की थोडं थोडं?"

"सगळं."

मॅडमनी नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीराची स्वतःची राखण करणारी यंत्रणाच नसांच्या आवरणावर उलटते. आजार मुळापासून जात नाही, पण औषधं लवकर सुरू केली की झटके कमी येतात. बहुतेक माणसं बरीच वर्षं आपल्या पायांवर चालतात, काहींना काठी लागते, काहींना चाकाची खुर्ची. आयुष्य फार कमी होत नाही. मूल होऊ शकतं, फक्त आधी सांगायचं, म्हणजे औषधं तशी बदलता येतात.

"यांतल्या तुम्ही कोण, हे मला आज सांगता येणार नाही," मॅडम म्हणाल्या. "जसं कळेल तसं सांगेन. लपवणार नाही."

प्रज्ञा तिथेच रडली. बरं वाटलं म्हणून की भीती वाटली म्हणून, ते तिला नंतरही सांगता आलं नाही.

रात्रीची जेवणं झाल्यावर तिने लोकेशला समोर बसवलं. "मी आज मॅडमला भेटून आले," ती म्हणाली. "मला वाटत होतं मी मरणार, आणि तुम्ही तर मला आत्ताच खुर्चीत बसवून टाकलं." चुकलं, लोकेश म्हणाला. पुढच्या भेटीला तो सोबत गेला आणि त्याच्या मनातलं सगळं त्याने तिच्यासमोर विचारलं.

पुढं सगळं सरळ झालं असं नाही. दोनेक वर्षांनी दुसरा झटका आला, उजव्या पायात. पाय सुधारला, पण पूर्ण नाही. लांब चालायचं असलं की ती काठी घेते. उकाड्यात पाय जड होतो आणि नजर धूसर होते, गारव्यात बसलं की उतरतं. म्हणून मिलने तिला एसी लॅबमध्ये घेतलं. त्यानंतर मुलगा झाला. बाळंतपणानंतरचे महिने भीतीचे होते, पण झटका आला नाही.

आता मॅडम कधीकधी नव्या पेशंटना विचारतात, प्रज्ञाताईंशी बोलायचंय का. परवा वंदना नावाच्या एक शिक्षिका नवऱ्याला बाहेर बसवून एकट्याच भेटल्या. त्यांनी विचारलं, "पाच वर्षांनी मी वर्गात उभी राहून शिकवत असेन का?"

"मला माहीत नाही," प्रज्ञा म्हणाली. मग तिने डोळ्याचं, पायाचं, मुलाचं, होतं तसं सगळं सांगितलं.

"म्हणजे स्वतःच्या पुढचं तुम्हालाही ठाऊक नाही."

"नाही. पण मला जेवढं माहीत आहे, तेवढंच घरात सगळ्यांना माहीत आहे."

वंदनाबाईंनी दार उघडून बाहेर थांबलेल्या नवऱ्याला आत बोलावलं.