मैदानाच्या मधोमध

"मधी या. मधी येऊन बोला." एवढं म्हणून काका बोट जमिनीकडे करायचे आणि समोरचा माणूस दोन पावलं पुढे येईपर्यंत त्याचं एक अक्षर ऐकून घ्यायचे नाहीत. ग्रामसभेत शेवटच्या रांगेतून कोणी टोमणा मारला तरी तेच, लग्नाच्या पंगतीत कोणी मीठ कमी म्हणून कुरकुरलं तरी तेच. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. तो आहे तोवर लोकांना त्याचा जाच वाटतो.

भिवपुरीच्या वीजकेंद्रात ते फिटर होते. तिथल्या क्वार्टर्सच्या मैदानावर फुटबॉल शिकले आणि निवृत्त झाल्यावर तो गावात घेऊन आले. भातकापणी उरकली की गावच्या माळावर आसपासच्या गावांची स्पर्धा भरवायची, हा त्यांचा नेम. माळावर वाळक्या गवताची धसकटं. अनवाणी खेळणारी पोरं गोल झाल्यावर आनंदाने ओरडताहेत की पायात टोचलं म्हणून, हे लांबून कळायचं नाही.

आमचं कर्जतच्या वाटेवर हार्डवेअरचं दुकान. मैदानाच्या रेघा मारायला पांढरी फक्की लागते, ती न्यायला ते दरवर्षी यायचे. एकदा मी नवऱ्याला गोदामातून हाका मारत होते. ते ऐकून म्हणाले, "ताई, तुमच्याकडं माइक दिला तर तो चालू करायची बी गरज नाय." अशी मी स्पर्धेची निवेदिका झाले. फुटबॉलमधलं मला तेव्हा इतकंच कळत होतं की चेंडू जाळ्यात गेला की ओरडायचं, आणि कोणाच्या जाळ्यात गेला ते शेजारच्याला विचारून घ्यायचं.

दहाएक वर्षांपूर्वी परदेशात जगाचा फुटबॉल चालवणाऱ्या संघटनेच्या बड्या अधिकाऱ्यांना पोलिसांनी पहाटे हॉटेलातून उचललं. सामने टीव्हीवर दाखवायचे हक्क देताना लाच खाल्ल्याचा आरोप होता. हॉटेलच्या नोकरांनी पांढऱ्या चादरी आडव्या धरल्या आणि त्यांच्याआडून साहेबांना गाडीत बसवलं, असा फोटो आला होता. काका पेपर घेऊन दुकानात आले. चिडलेले.

"ताई, चादर कशाला धरली?"

"लाज वाटली असेल," मी म्हटलं.

"लाज वाटती त्यानं आपलं तोंड आपन झाकावं. ह्यांची चादर बी दुसराच धरतो."

"काका, कुठं ती माणसं आणि कुठं आपण. आपल्याला काय त्याचं?"

"आपल्याला काय कसं? चेंडू तोच हाय ना?"

यावर मला हसू आलं होतं. पण त्याच वर्षी अंतिम सामना झाल्यावर, बक्षिसं वाटायच्या आधी, स्पर्धा समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी आम्हा समितीच्या सगळ्यांना मैदानाच्या मधल्या वर्तुळात नेऊन उभं केलं आणि लोकांना म्हणाले, "आता इचारा. ज्याला जे इचारायचं त्यानं मधी यावं." पहिल्या वर्षी धमाल उडाली. चहात दूध होतं की नुसतीच साखर, पेनल्टी देणाऱ्या पंचाचं सासर कुठलं, असले प्रश्न. एका आजोबांनी मला विचारलं की निवेदन थोडं कमी करायला काय घ्याल. काकांनी प्रत्येकाला उत्तर द्यायला लावलं. मीही दिलं.

मग ती रीतच पडली. हळूहळू प्रश्न धारदार झाले आणि आम्ही सगळे जरा नीट वागायला लागलो. कोणाच्या भाच्याला संघात घ्यायचं झालं तरी आधी डोळ्यांपुढे ते वर्तुळ यायचं.

तिकडच्या बातम्यांवर काकांचं लक्ष असायचंच. संघटनेने कारभार सुधारायला समिती नेमल्याचं मी वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "समितीला कोन नेमतं?" मी म्हटलं, संघटनाच. "मग झालंच. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या." पुढे एकदा अध्यक्षपदाला दुसरा उमेदवारच उभा राहिला नाही आणि टाळ्या वाजवून निवड झाली, हे मात्र त्यांना फार लागलं. "टाळ्या भजनाला वाजवायच्या," एवढंच बोलले आणि फक्की न घेताच गेले.

आता तो दिवस सांगते. आमच्या भागात फार्महाउसं झाली, रिसॉर्टं झाली. त्यातल्या एका मालकाने आपली हिरवळ स्पर्धेला देऊ केली. मऊ गवत, दिवे, पाहुण्यांना खुर्च्या. समितीच्या बैठकीत सगळे एका पायावर तयार झाले. एरवी प्रत्येक गोष्टीला फाटे फोडणारे काका त्या दिवशी गप्प बसले. आम्हाला वाटलं, त्यांनाही गवताचा मोह पडला.

अंतिम सामना झाला. काका नेहमीसारखे वर्तुळात उभे राहिले. तेवढ्यात चौक गावाच्या बाजूची एक चहावाली मावशी कुंपणाच्या फटीतून आत आली. माळावर तिची चूल ठरलेली होती. इथे रखवालदाराने तिला फाटकातच अडवलं होतं, कारण आत चहा विकायचा तो रिसॉर्टनेच. ती तरातरा मधोमध आली.

"अध्यक्षसायेब, मैदान इथं आनलं, माजी चूल भाईर ऱ्हायली. तुमची पोरगी इथंच कामाला लागली ना? ह्ये कसं काय?"

 माझ्या शेजारचे समितीवाले तिला बाहेर काढायला निघाले. काकांनी हात आडवा घातला आणि, कधी नव्हे ते, माझ्याकडून माइक मागून घेतला.

"बाई खरं इचारती. पोरगी तिच्या हिमतीवर लागली, मी कुनाला सांगाया गेलो नव्हतो. पन ही जागा ठरवाया बसलो तवा ती इथं लागलेली व्हती. मी ते बैठकीत सांगाया पायजे व्हतं. सांगितलं नाय. गप बसलो. जो गप बसला त्यानं अध्यक्ष ऱ्हाऊ नये."

माइक माझ्या हातात देऊन ते चालत निघाले. फाटकातून बाहेर गेले. मला काय करावं सुचेना, म्हणून मी उत्कृष्ट गोलरक्षकाचं नाव पुकारलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं-तिघं त्यांच्या घरी गेलो. मुलगी दारातच उभी होती, डोळे सुजलेले. रिसॉर्टच्या रिसेप्शनवर होती ती, पदवी घेतलेली, हुशार. आमच्या देखतच म्हणाली, "बाबा, मी मुलाखत देऊन लागले. चारचौघांत माझी नोकरी उकरून काढलीत."

"तुजी नोकरी नाय काढली गं. माजं गप बसनं काढलं."

"लोकांना तेवढा फरक कळतो का?"

 जगातल्या मोठ्या साहेबांना प्रश्न विचारणारा तो माणूस आपल्या अंगणातल्या या एका प्रश्नापुढे मान खाली घालून बसून राहिला. आम्ही त्यांना परत अध्यक्ष व्हा म्हणून खूप विनवलं. ते म्हणाले, "चूक कबूल केली म्हनून परत तीच खुर्ची? मग त्या मावशीनं इचारून उपेग काय झाला?"

मुलगी काही महिन्यांनी पनवेलला दुसऱ्या नोकरीवर गेली. सणाला यायची. कशी आहे विचारलं की काका सांगायचे, "येती, जेवती, जाती." त्यांनी मोजलेली ही किंमत मला आजही जड वाटते, आणि तरी त्यांनी वेगळं वागायला हवं होतं असं मला म्हणता येत नाही.

नंतर स्पर्धेच्या दिवसांत ते रिसॉर्टच्या कुंपणाबाहेर, रस्त्याकडेला त्याच मावशीच्या बाकड्यावर बसून सामना बघायचे. दोघांत वैर कधी दिसलं नाही. तिने चहा द्यायचा, त्यांनी माझ्या निवेदनातल्या चुका तिला समजावून सांगायच्या.

गेल्या श्रावणात ते गेले. थोडं आजारपण झालं, बस्स. खरं सांगते, मला ते फार आठवतात. यंदा वर्ल्ड कप, त्यामुळे पेपरात त्या संघटनेचं रोज काहीतरी असतं. एखादी बातमी वाचून मी काउंटरवरून मान वर करते, आणि समोर खिळे मागणारं गिऱ्हाईक उभं असतं.

त्यांच्यामागे झालेल्या स्पर्धेला अंतिम सामना संपल्याबरोबर नव्या अध्यक्षांनी बक्षिसं पुकारायला सांगितली. काका बाहेर बसायचे तोवर प्रश्नांची रीत चालू होती; मी तिचं विचारलं, तर म्हणाले, पाहुण्यांना वेळ नाही. बक्षिसं वाटली, फोटो झाले, पाहुण्यांच्या गाड्या निघून गेल्या. लोक मात्र हिरवळीच्या कडेला बसूनच राहिले.  मग रखवालदार शिट्टी वाजवत आला, तेव्हा कपडे झटकत एकेक जण उठला.

मी बाहेर येऊन मावशीच्या बाकड्यावर बसले. ती चूल विझवत होती. म्हटलं, "मावशी, आज कोणी काही विचारलंच नाही."

"कुनाला इचारनार, ताई?" ती राखेत पाणी ओतत म्हणाली. "तवा बी मला रखवालदारानं अडवलं, मालकाच्या हुकमानं अडवलं. मी त्या मालकाला इचाराया गेले का? नाय गेले. तो उत्तर देनार नव्हता. काका देनार व्हते, म्हनून त्यांना इचारलं."