ताट वेगळं असण्याचा नियम

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी पुण्यातल्या एका संस्थेत मला इंटर्नशिप मिळाली. पुण्याला जायची गरज नव्हती. मी धाराशिवातल्या भाड्याच्या खोलीत बसायचो आणि माणसं स्क्रीनवर भेटायची. घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, त्यामुळं मी दिवसभर काय करतो हे आईला नीट सांगता येत नव्हतं. येरमाळ्याजवळच्या आमच्या गावातून ती फोन करायची. "जेवलास का?" "व्हय." तिथंच बोलणं संपायचं.

काम असं होतं. गावोगावच्या आरोग्यसेविका घरोघरी जाऊन मोबाइलवर दोन-चार ओळींची नोंद टाइप करत. त्या नोंदी संशोधनासाठी बाहेरच्या लोकांना द्यायच्या होत्या. त्याआधी त्यातली खासगी माहिती ओळखणारे नियम मी लिहायचे. सलग बारा आकडे दिसले तर आधार क्रमांक, म्हणून गोपनीय. यादीतल्या आजाराचं नाव दिसलं तर अतिगोपनीय, आणि त्या मजकुरावर काळी पट्टी. गावाचं नाव आणि वय मात्र संशोधनाला हवं होतं, ते तसंच राहणार होतं. छोट्या गावात तेवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो.

चाचणीत आमच्या भागातल्या नोंदी जवळजवळ सगळ्या स्वच्छ निघाल्या. "तुमच्याकडं कुणी आजारीच पडत नाही का रे?" टीममधला एक दादा हसला. सोमवारी नोंदी बाहेर जाणार होत्या.

मला ते पटेना, म्हणून त्या वाचायला बसलो. एका नोंदीत होतं, 'खोकला हाय. गोळ्या चालू. ताट येगळं.' मी तिथंच थांबलो. आमच्याकडं त्या आजाराचं नाव कुणी घेत नाही. ताट वेगळं आहे एवढं म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं.

मला ते कळत होतं, कारण लहानपणी माझंही ताट वेगळं होतं. आईनं त्याच्या काठावर खिळ्यानं खूण केली होती. "तुझं हाय ते. दुसऱ्याला द्यायचं न्हाय," ती म्हणाली, तेव्हा मला आधी भारी वाटलं होतं. मग एकदा चुलतभाऊ माझ्या तांब्यातून पाणी प्यायला लागला. चुलतीनं धावत येऊन तांब्या त्याच्या हातातून हिसकावला आणि पाणी अंगणात ओतलं. त्यानंतर मी ओसरीवर एकटा जेवायला बसू लागलो. मला तसं कुणी सांगितलं नव्हतं. बरा झाल्यावरही किती तरी दिवस तिथंच बसत होतो.

मीटिंगमध्ये मी म्हणालो, "ताई, 'ताट वेगळं' यासाठी एक नियम हवा."

"आता भांडीपण गोपनीय?" दादा म्हणाला. "उद्या चमचा आणशील!" सगळे हसले. मीही हसलो.

टीम सांभाळणाऱ्या ताई हसल्या नाहीत. "भावाभावांची वाटणी झाली तरी ताट वेगळंच म्हणतील ना? त्याचा अर्थ आजार, हे तुला कसं माहीत?"

"आमच्याकडं... म्हणतात तसं."

"मग लिही नियम. कारणाच्या रकान्यात कारण दे. पटलं तर घेऊ. नाही तर सोमवारी नोंदी जातील."

पहिल्या वेळी नियमानं येडाई देवीच्या निवदाचं ताटसुद्धा पकडलं. निवद देताना ते वेगळं काढतातच. मग मी अट घातली: ताट किंवा तांब्या, जवळच 'वेगळं' किंवा 'येगळं', आणि त्याच मजकुरात गोळ्या किंवा खोकला. निवद आणि वाटणी सुटली.

राहिला कारणाचा रकाना. तो नोंदींच्याच फाइलमध्ये शेवटी, नियमाशेजारी होता. 'स्थानिक वापर' एवढं लिहिलं, पण त्यानं कुणाला काय पटणार? ते पुसलं. मग लिहिलं, 'लहानपणी मला खोकला होता. गोळ्या चालू होत्या. आईनं माझं ताट वेगळं ठेवलं होतं, म्हणून मला माहीत आहे.' आजाराचं नाव मीही लिहिलं नाही. पण इतकंसुद्धा मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. फाइल पाठवली आणि वाट पाहत बसलो. वाचून कुणीतरी काहीतरी म्हणेल, असं वाटत होतं.

पुढच्या मीटिंगमध्ये ताईंनी सगळ्यांसमोर नियम चालवला. आमच्या गावांच्या नोंदींत एकेक काळी पट्टी उमटत गेली. "बाप रे," दादा हळूच म्हणाला, "हे सगळं तसंच गेलं असतं."

ताईंनी फाइल खाली सरकवली. "आणि कारणाच्या रकान्यात पट्टी कशी आली? काय लिहिलं होतंस तू?"

नियम पूर्ण फाइलवर चालला होता. माझ्या तिन्ही वाक्यांवर काळी पट्टी होती. ती काढणं माझ्या हातात होतं. तोंडानंही सांगता आलं असतं. सगळे थांबले होते.

"नियम चालतोय, ताई," मी म्हणालो.

"हो, ते तर दिसतंच आहे," त्या म्हणाल्या. "कारण नंतर बघू. नियम घेतला."

स्क्रीनवरचे चेहरे एकेक करून गेले. मी उठून दार उघडलं. मेसवाला डबा उंबऱ्याबाहेर ठेवून गेला होता.