गुरुत्वलहरी आणि आमची गल्ली

अमरावतीच्या पोरांना भौतिकशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली. स्वतःहून कुणी काही विचारलं नाही. त्यामुळे परवा संध्याकाळी शेजारचे संत्र्यांचे व्यापारी पेपर घेऊन आले आणि म्हणाले, "सर, हे गुरुत्वलहरी म्हंजे काय भानगड आहे, मले जरा समजावून सांगा," तेव्हा मला गहिवरूनच आलं.

पलंगावरची चादर आम्ही दोघांनी दोन बाजूंनी ताणून धरली. मधोमध त्यांचीच दोन संत्री टाकली.

"चादर म्हणजे अवकाश आणि काळ. संत्री म्हणजे दोन कृष्णविवरं. अब्जावधी वर्षांपूर्वी ती एकमेकांवर आदळली, चादर हादरली. ती थरथर इथवर येता येता अणूच्या गाभ्याहूनही बारीक झाली. तरी माणसानं यंत्र लावून पकडली!"

तेवढ्यात गल्लीत वरात शिरली. डीजेच्या पहिल्याच ठोक्याला खिडकीच्या काचा थरथरल्या, संत्री चादरीवर उड्या मारू लागली आणि स्वयंपाकघरात मांडणीवरची ताटं खाली आली.

"सर, हे बी तेच लाट आहे का?" व्यापारी ओरडले.

माझं डोकं फिरलं. मी पोलीस चौकीला फोन लावला. चौकी आमच्या गल्लीच्या तोंडाशीच आहे. वरात तिच्या दारावरून आली होती. फोनमधून मला तिकडेही तोच डीजे ऐकू येत होता. त्याच्यावर आवाज चढवून पलीकडचे साहेब ओरडले, "सर, आमच्याकडं तर काईच आवाज येऊन नाही राहिला!"