उजेड सूर्य देईल तेवढाच...

शनिवारी खोर फक्कानला, म्हणजे यूएईच्या पार पूर्व किनाऱ्याला, माझी अशी काही तंतरली होती म्हणून सांगू... आत्ता टाइप करतानासुद्धा अंगावर काटा येतोय. पण काटा तंतरल्याचा नाही, त्यानंतर जे पाहिलं त्याचा.

मी लग्नांचे फोटो काढते, हे तुम्हाला माहीत आहेच. हल्ली फक्त इको-फ्रेंडली पद्धतीनंच काढते. जनरेटर नाही, धुराची मशिनं नाहीत, थर्माकोल नाही, प्लॅस्टिकच्या चमकीचा पाऊस तर नाहीच नाही. 'उजेड सूर्य देईल तेवढाच' हे वाक्य मी पेजवर मोठ्या ऐटीत लिहून ठेवलं होतं.

सायली त्या वाक्यावरच भाळली. रास अल खैमात जन्मलेली, तिथेच वाढलेली मुलगी. तिला समुद्राकाठी, गोरज मुहूर्तावर लग्न हवं होतं... आणि दिवे अजिबात नको होते.

तिच्या बाबांना, दळवी काकांना, हे काही केल्या पटेना. काका मूळचे चिपळूणकडचे, इथे टाइल्सच्या फॅक्टरीत सुपरवायझर. पहिल्याच भेटीत म्हणाले, "ताई, पृथ्वी वाचवायला माझी ना नाही. पण फोटो यायला पाहिजेत हो!" यावर सायलीनं वरही न बघता सांगून टाकलं, "बाबा, नो जनरेटर. फायनल."

मला आधी वाटलं, काकांना नुसता झगमगाट हवाय. मग काकूंनी चहा ओतता ओतता हळूच सांगितलं... त्यांच्या स्वतःच्या लग्नाचा एकही फोटो नाही. मांडवात उजेड कमी पडला आणि सगळे फोटो काळे आले. तेव्हापासून काका कुणाच्याही लग्नाला गेले की आधी मांडवातले लाइट बघतात, मग नवरा-नवरी.

हे ऐकून मी काकांना छातीठोकपणे म्हटलं, "काका, निर्धास्त राहा. त्या वेळचा उजेड म्हणजे नुसतं सोनं!"

आता माझी अक्कल बघा. मी राहते दुबईत, अल कुसैसला. आजवर समुद्राकाठची जी लग्नं केली, ती सगळी दुबईच्या बाजूला. तिथे सूर्य समुद्रात बुडतो, शेवटपर्यंत समोर असतो. खोर फक्कानला समुद्र पूर्वेला आणि पाठीशी हे भले मोठे डोंगर... मी आपली अॅपवर सूर्यास्ताची वेळ बघून खूश. अॅपला काय माहीत, मध्ये डोंगर आहे ते!

पाहुणे खुर्च्या शोधत होते तेवढ्यात सूर्य डोंगरामागे गेला. मुहूर्ताला अजून बराच अवकाश होता. हॉटेलच्या लॉनवर सावली पसरली.

अंतरपाट धरेपर्यंत चांगलंच अंधारून आलं होतं. काकांनी एकदा आकाशाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

मग त्यांनी पुतण्याला हाक मारली. "रोहित, गाडी आण इकडे. हेडलाइट मार. यल्ला, लवकर!"

अंतरपाटामागून सायलीचा रडवेला आवाज आला, "बाबा, प्लीज..." आणि मी? काकांचे काळे फोटो माझ्या डोळ्यांसमोर नाचत होते. इकोबिको सगळं विसरून मीही हेडलाइटला तयार झाले होते.

रोहितनं गाडी लॉनच्या कडेला आणून भसकन लाइट मारला. सायलीनं डोळे किलकिले केले. मंगलाष्टकं सुरू झाली आणि मी कॅमेरा डोळ्याला लावला.

सायलीच्या मागे समुद्र होता. त्या समुद्राच्या पार टोकाला काहीतरी तांबूस दिसलं. मला आधी बोटीचा दिवा वाटला... पण तो वाढतच गेला. बघता बघता परातीएवढा चंद्र पाण्यातून वर आला! पौर्णिमा होती हो, आणि मी फक्त सूर्याचीच वेळ बघत बसले होते.

मागचं सगळं आकाश गुलाबी, पाण्यावर तांब्याचा पट्टा... आणि इतकी शांतता, की लाटांचा आवाज मंगलाष्टकांत मिसळून ऐकू येत होता. मी देवभोळी नाही. पण हात आपोआप जोडले जाणार होते, कॅमेरा होता म्हणून राहिले.

"रोहित..." काकांचा आवाज एकदम हळू झाला होता. "बंद कर रे ते. खलास. बंद कर."

लाइट गेले. अंतरपाट सरला. नवरदेवाला आधी चंद्र दिसला, मग नवरी. गुरुजी 'सावधान' म्हणाले आणि... अक्षता पडल्याच नाहीत! सगळे मूठ वर धरून समुद्राकडे बघत उभे. शेवटी काकूच ओरडल्या, "अहो, टाका की!" तेव्हा कुठे हशा पिकला आणि निम्म्याअर्ध्या अक्षता पडल्या.

फोटो? मी काकांना कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर दाखवला. सायली, तिच्या खांद्यामागे चंद्र. काका बघतच राहिले. "आला," एवढंच म्हणाले. मग इकडेतिकडे बघून लाजत लाजत विचारलं, "ताई... आमचा दोघांचा एक काढाल?"

काकू "इश्श, ह्या वयात!" करत होत्या, पण पदर सारखा करत येऊन उभ्या राहिल्या. मी कॅमेरा उचलते तोवर सायलीनं अंतरपाटाचं एक टोक धरलं, दुसरं जावईबापूंनी. कुणी न सांगताच गुरुजींनी शेवटचं मंगलाष्टक म्हटलं. आणि लोकांच्या मुठीत राहिलेल्या सगळ्या अक्षता काका-काकूंवर पडल्या.

एवढ्या वर्षांनी त्यांच्या लग्नाचा फोटो आला. मी आजवर काढलेल्या फोटोंतला सगळ्यात लाडका... थोडासा हललाय, कारण मी रडत होते.

पेजवरचं वाक्य काल रात्री बदललं. आता तिथे लिहिलंय, 'उजेड आकाश देईल तेवढाच...' आणि ते भरभरून देतं हो.