फौजींची पाठ फिरली की

जीप बंद करून फौजी दहाएक पावलं चालायचे आणि गर्रकन मागे वळायचे. रोज. कुणी हाक मारलेली नसायची, काही विसरलेलंही नसायचं. आपली पाठ फिरल्यावर आपल्या गाडीशी कोण काय करतंय, एवढंच बघायचं असायचं. कुणीच काही करत नसलं तर चेहऱ्यावर समाधान नाही, उलट निराशा! मग किल्ली गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात ओवून सदऱ्याच्या आत टाकायची आणि म्हणायचं, "माणूस कवा कळतो, सिस्टर? आपली पाठ फिरल्यावर."

मी सांगलीतल्या एका दवाखान्यात नर्स, राहायला इस्लामपुरात. एसटीची वाट बघत बसले तर पेशंट बरे होऊन घरी जातील, म्हणून कित्येक वर्षं वडापनंच जाते. भरेपर्यंत हलायचं नाही आणि भरल्यावरही आणखी दोघं कोंबायची, ती जीप म्हणजे वडाप. तुमच्यापैकी कुणी त्या रस्त्यानं गेलं असेल तर फौजींना बघितलं असणार. पिळदार मिशा, पाठ ताठ, उन्हाळ्यातही सदऱ्याचं वरचं बटण लावलेलं. गाव म्हसवडकडचं. सैन्यात गाड्यांवर होते, पेन्शनीवर आल्यावर जीप घेतली आणि इस्लामपुरात बिऱ्हाड केलं.

संशय म्हणाल तर काही विचारू नका. पंक्चरवाल्यानं ट्यूबमध्ये दोन भोकं दाखवली की म्हणणार, "एक रस्त्यानं केलंय, दुसरं ह्यानं." एकदा त्यांचं डोकं दुखत होतं म्हणून मी पर्समधली गोळी दिली. तर ती उलटीसुलटी बघून परत माझ्याच हातावर ठेवली. "आदी तुमी घ्या."

"माझं कुठं डोकं दुखतंय?" मी म्हटलं. "पण तुमच्याबरोबर आष्ट्यापर्यंत आले की दुखंल बहुतेक."

हसले नाहीत. गोळीही घेतली नाही.

लाइनीत त्यांच्या मागे हणमंताची जीप असायची. आम्ही त्याला हणमा म्हणायचो. एके काळी दोघं एका डब्यातली भाकरी खायचे. मग एका वर्षी म्हसवडच्या जत्रेला जाणारं एक कुटुंब फौजींची वाट बघून बघून हणमाच्या जीपमध्ये बसलं. झालं! "माझी माणसं फोडली," एवढं म्हणून फौजींनी जो अबोला धरला तो धरलाच. जीपा एकमेकींना चिकटून उभ्या आणि मालक एकाचं तोंड पूर्वेला, एकाचं पश्चिमेला.

त्यात एका उन्हाळ्यात ते पाण्याचं प्रकरण सुरू झालं.

सांगलीपर्यंत जीप गुणानं यायची. तापमानाचा काटा वर चढायचा नाही, वाटेत कधी तक्रार नाही. फौजी ती बंद करून चहाला जायचे आणि परत येऊन बघतात तो रेडिएटरखाली जमीन ओली. आतलं पाणी कधी कमी झालेलं, आणि कधी चक्क काठोकाठ! या काठोकाठनं तर ते वेडेच व्हायचे राहिले. "माज्या गाडीत पानी कोन भरतंय? आनि त्यात काय मिसळतंय?"

पाइप बदलून झाले, पंख्याचा पट्टा बदलून झाला, रेडिएटर खाली उतरवून धुऊन झाला. गॅरेजवाला म्हणाला, कुठं गळती नाही. फौजींनी निकाल दिला, "गाडीत दोष न्हाई म्हंजी दोष मानसात हाय."

आणि एक दिवस ते चहाच्या गाड्यावरून अर्ध्यातच परतले, तर हणमा त्यांच्या बॉनेटजवळून हातात डबा घेऊन घाईनं बाजूला होत होता.

खरं सांगते, मलाही हणमाचा संशय आला. त्या दिवसांत त्याची नजर चोरटीच झाली होती. मी विचारलं, "काय रे, फौजींच्या गाडीपाशी काय करत होतास?"

"काय न्हाई. उगंच."

उगंच कुणी दुसऱ्याच्या गाडीपाशी डबा घेऊन जातं होय?

वडापवाल्यांचा कायदा कडक. दुसऱ्याच्या गाडीला हात लावला की लाइनीतून बाहेर. फौजींनी तक्रार केली आणि शनिवारी इस्लामपूरच्या स्टँडमागच्या लिंबाखाली बैठक ठरली. लाइनीतून काढलं की हणमाची जीप दारात उभी राहणार, आणि त्याच्या घरातली चूल त्या जीपवर. त्याची बायको दवाखान्यात येऊन माझ्यापुढे रडली. "सिस्टर, तुमचं ऐकत्यात ते. जरा सांगा की त्यास्नी."

माझं कुठलं ऐकतात! ते स्वतःच्या सावलीचंही ऐकत नव्हते.

शुक्रवारी दुपारी मी सांगलीत उतरले तर फौजींनी मला रसवंतीत नेऊन बसवलं. "साक्षीदार पायजे. तुमी शिकल्याल्या हाय." तट्ट्याच्या फटीतून त्यांची जीप समोर दिसत होती, तिच्यामागे हणमाची. फौजींनी रसाचा ग्लास आधी हुंगला, मग तोंडाला लावला. मला कामावर जायचं होतं, पण उठायची सोय नव्हती. "हलू नगा. दुश्मन जवळ हाय."

आम्ही बघत बसलो. गाडीजवळ कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. आणि अचानक त्या बंद जीपच्या पोटात गुडगुड सुरू झाली.

फौजी अर्धवट उठले. "आत कोन हाय?"

आत कोण असणार? बॉनेटच्या फटीतून वाफ आली, खाली पाण्याची धार लागली. तेवढ्यात हणमानं आपल्या जीपमधून उडी मारली. इकडंतिकडं बघितलं, बॉनेट उघडलं आणि ओलं पोतं झाकणावर टाकलं. मग तो नुसता उभा राहिला, बॉनेटला हात लावून, गुडगुड थांबेपर्यंत. चांगलं निवल्यावर पोत्यानंच झाकण हळूहळू सैल केलं आणि डब्यातलं पाणी थोडंथोडं ओतलं. बॉनेट लावून त्यावरचे थेंब खांद्यावरच्या पंच्यानं पुसले. मेला पुसत काय होता, पुरावा! फौजींना कळलं असतं तर त्यांनी ते पाणीसुद्धा ओतून दिलं असतं, हे त्याला पक्कं ठाऊक.

फौजींचा रस तसाच राहिला. म्हणाले, "पन त्याला कसं म्हाईत, गाडी कवा उकळती ते?"

माझं टाळकंच सरकलं. "अहो, रोज तोच पाणी घालतोय, त्याला नाही तर कुणाला माहीत? तो नसता तर तुमचं इंजिन केव्हाच बसलं असतं!"

ते उठून जीपपाशी गेले. हणमा दुसरीकडं बघत बसला. फौजींनी रेडिएटरचं झाकण काढून तळहातावर घेतलं. रबर चिरलेलं, स्प्रिंग ढिली पडलेली.

"गाडी चालती तवर पंखा हाय, पानी फिरतंय," ते हळू आवाजात म्हणाले. "बंद केली की दोनी थांबत्यात, इंजनाची धग मातर आतच ऱ्हाती. झाकनानं दाबून धरलं तर पानी उकळत न्हाई. पल्टनीत पोरांना म्याच शिकवलंय ह्ये."

"मग हे असलं झाकण कशाला लावलंत?"

"ह्ये भंगारातलं हाय. चांगलं घरात ट्रंकंत ठिवलंय."

"ट्रंकेत? का?"

"स्टँडवर चोरत्यात."

मला हसू फुटलं होतं, पण त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि गिळलं.

शनिवारी माझी सुट्टी. बैठकीत माझं काही काम नव्हतं, तरी गेले. न जाऊन राहवतंय कशाला? फौजी सावधानमध्ये उभे राहिले. हातात ते भंगारातलं झाकण. "गाडीला दुसरं दुखनं न्हाई. झाकन माजंच खराब हुतं. हनमानं माजं इंजन राखलं." मग गळ्यातला काळा दोरा काढला आणि किल्लीसकट हणमाच्या हातात दिला. पोटच्या पोराला त्यांनी कधी ती किल्ली दिली नव्हती.

"च्याला जातू. गाडीकडं बग."

एवढं बोलून चालू लागले. आम्ही सगळे त्यांच्या पाठीकडे बघत होतो. दहा पावलं झाली. आता वळतील, आता वळतील. पुढं चहाचा गाडा आला, तिथं ते आमच्याकडे पाठ करून बसले आणि चहा संपेपर्यंत वळले नाहीत.

बाकी माणूस बदलला असं समजू नका. माझी गोळी त्यांनी शेवटपर्यंत घेतली नाही. नुसता रक्तदाब तपासू दिला असता तरी बरं झालं असतं, कारण ती डोकेदुखी साधी नव्हती. गेल्या थंडीत गावाकडं गेले होते, तिथंच रक्तदाबानं गेले. बातमी कळली तेव्हा मी वॉर्डात होते. बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं.

मुलगा सैन्यात, लांब. तो रजेवर येईपर्यंत जीप इस्लामपुरातच उभी आहे. हणमा रोज सकाळी ती चालू करतो, एक चक्कर मारून आणतो आणि बंद करतो. मग बॉनेटवर हात ठेवून उभा राहतो.

परवा मी म्हटलं, "अरे, आता तर चांगलं झाकण लावलंय. ती कशाला उकळतीय? जा की चहाला."

"जातू की," तो म्हणाला, पण हात काही काढला नाही. "गाडीकडं बग म्हनून सांगून गेल्यात, सिस्टर."